आकाशनिरीक्षकाचा दुसरा नकाशा



आकाशदर्शनाच्या छंदाला आरंभ कसा करावा हे सांगणारी पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत. तो छंद पुढे कसा न्यावा हे सांगणारी त्या मानाने फार थोडी. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा टप्पा आहे. मृग, सप्तर्षी आणि वृश्चिक ज्याला न विचारता ओळखता येतात, गुरू आणि शुक्र यांत ज्याची गफलत होत नाही, ज्याने पदरमोड करून एखादी द्विनेत्री किंवा सहा इंची दुर्बीण घेतली आहे, अशा हौशी निरीक्षकाविषयी येथे बोलावयाचे आहे. चंद्रावरील विवरे, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी आणि कृत्तिका हे सर्व पहिल्या पंधरा दिवसांत पाहून होते. त्यानंतर दुर्बीण कोठे वळवावी, हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या पुस्तकात त्याचे उत्तर नसते, कारण ते पुस्तक उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यासाठी लिहिलेले असते. पुष्कळांचा छंद या ठिकाणी सुटतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो, आकाशाचाही नसतो. योग्य वेळी योग्य नकाशा हाती आलेला नसतो, एवढेच.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक निश्चित स्थान दृष्टीपुढे ठेवणे हिताचे. असे स्थान म्हणून रुआबांधा घेता येईल. छत्तीसगढमधील भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा हा एक भाग आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. कारखान्यामुळे देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रायपूर-दुर्गच्या परिसरात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती होतीच. रुआबांध्याचे अक्षांश सुमारे २१.२ अंश उत्तर, म्हणजे जवळजवळ नागपूरचेच. पूर्वेस रायपूर आणि पश्चिमेस दुर्ग यांचे दिवे, आणि निकट कारखान्याचा रात्रंदिवस न विझणारा प्रकाश; अशा स्थितीत एखाद्या घराच्या गच्चीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाने कोणता ग्रंथ आणि कोणता नकाशा निवडावा, असा हा प्रश्न आहे. भारतातील बहुतेक औद्योगिक नगरांतील निरीक्षकांचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही.

मराठी वाचकाला या विषयाची परंपरा अपरिचित नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहून सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाची गोडी लावली. गो. रा. परांजपे यांनी 'आकाशदर्शन अ‍ॅटलास' तयार केला. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांच्या भारतातील संस्थांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. अमरावती जिल्ह्यात १९३५ साली जन्मलेले गुणाकर मुळे यांची मातृभाषा मराठी. तथापि त्यांनी आपले बहुतेक लेखन हिंदीत केले, आणि त्यांचे 'आकाश दर्शन' हिंदी भाषिक प्रदेशातील मराठी घरांनाही उपयोगी पडण्याजोगे आहे. या सर्वांनी उंबरठा ओलांडून दिला. परंतु उंबरठ्याच्या आत गेल्यावर लागणारी साधने आजही प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, आणि ती दूरच्या आकाशाखाली बसून लिहिलेली आहेत. म्हणून ती डोळसपणे निवडावी लागतात.

प्रथम साधनांचा भेद स्पष्ट केला पाहिजे. निरीक्षकाला तीन वस्तू लागतात आणि त्या तिघींची कामे वेगळी आहेत. फिरती आकाशतबकडी 'आज या वेळी वर काय आहे' हे सांगते. तारानकाशांचा संग्रह 'ते नेमके कोठे आहे' हे दाखवतो. मार्गदर्शक ग्रंथ 'त्यांपैकी काय पाहण्याजोगे आहे आणि पाहिल्यावर काय दिसेल' हे सांगतो. एकाच पुस्तकाकडून ही तिन्ही कामे करून घेण्याची अपेक्षा हे निराशेचे पहिले कारण होय. चित्रमय, जाडजूड आणि महागडे पुस्तक विकत घेतले जाते. त्यात दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे असतात, परंतु नकाशे इतके लहान असतात की गच्चीवर त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

तबकडीचा विचार थोडक्यात आटोपता येईल. ती अक्षांशांनुसार बनवलेली असते. लंडनसाठी केलेली तबकडी रुआबांध्यात आणली, तर दक्षिणेचा तीस अंशांचा पट्टा तिच्यावर मुळीच नसेल. वीस अंश उत्तर अक्षांशासाठी बनवलेली तबकडी मुंबईपासून भिलाईपर्यंत सर्वत्र चालते. मात्र तबकडीवरील वेळ स्थानिक असते. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. रुआबांधा ८१.४ अंशांच्या आसपास असल्याने तेथे घड्याळ आणि स्थानिक वेळ यांत साडेचार मिनिटांचाच फरक पडतो. मुंबईत तो एकोणचाळीस मिनिटांचा असतो. भिलाईच्या निरीक्षकाला लाभलेली ही एक लहानशी सोय आहे.

आता नकाशासंग्रहाकडे वळू. नकाशासंग्रहाची पहिली कसोटी म्हणजे त्यात कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवले आहेत ही होय. डोळ्यांना दिसणारे सर्वांत मंद तारे सहाव्या प्रतीचे मानले जातात. एकेक प्रत पुढे गेले की ताऱ्यांची संख्या साधारणपणे तिप्पट होत जाते. इंग्लंडमधील एक शिक्षक आर्थर नॉर्टन यांचा 'स्टार अ‍ॅटलास' १९१० साली प्रथम निघाला. त्यात उघड्या डोळ्यांना दिसणारे तारे आहेत आणि पुढील अनेक दशके जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याच्यावरच अभ्यास केला. विल टिरिओन या डच नकाशाकाराचा 'स्काय अ‍ॅटलास २०००.०' हा १९८१ साली आला. त्यात आठव्या प्रतीपर्यंतचे सुमारे ४३,००० तारे होते. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत साडेआठव्या प्रतीपर्यंतचे सुमारे ८१,००० आहेत. रॉजर सिनट यांचा 'पॉकेट स्काय अ‍ॅटलास' २००६ चा. त्याच्या ८० नकाशांत ७.६ प्रतीपर्यंतचे सुमारे ३०,८०० तारे आहेत. 'युरॅनोमेट्रिया २०००.०' च्या २००१ च्या आवृत्तीत पावणेदहाव्या प्रतीपर्यंतचे सुमारे २,८०,००० तारे आहेत, तर १९९७ च्या तीन खंडांच्या 'मिलेनियम स्टार अ‍ॅटलास'ने दहा लाखांचा टप्पा गाठला.

एवढ्या आकड्यांपुढे नवखा खरेदीदार साहजिकच असे समजतो की, जितके तारे अधिक तितका नकाशा उत्तम. हा समज चुकीचा आहे, हे एका साध्या हिशेबाने दाखवता येईल. संपूर्ण खगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ४१,२५३ चौरस अंश आहे. मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या शोधक दुर्बिणीत सुमारे पाच अंश व्यासाचे आकाश एका वेळी दिसते. त्याचे क्षेत्रफळ वीस चौरस अंशांच्या जवळपास होते. आता नकाशांतील तारे सर्वत्र सारखे विखुरले आहेत असे क्षणभर मानले, तर नॉर्टनसारख्या सुमारे नऊ हजार ताऱ्यांच्या नकाशात तेवढ्या वर्तुळात चारच तारे येतील. सिनट यांच्या नकाशात पंधरा येतील, टिरिओन यांच्या दुसऱ्या आवृत्तीत अडतीस, आणि 'युरॅनोमेट्रिया'त सव्वाशेहून अधिक. चार ताऱ्यांवरून वाट सापडत नाही. सव्वाशेंमध्ये ती हरवते, कारण नगराच्या उजळ आकाशात त्यांतील बहुसंख्य तारे शोधकात दिसणारच नाहीत. पंधरा ते चाळीस ताऱ्यांत मात्र एखादा त्रिकोण, एखादी वक्र ओळ डोळ्यांत भरते आणि त्या खुणेवरून पुढच्या ताऱ्यावर जाता येते. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर अशी पावले टाकत जाणे हीच मध्यम टप्प्यावरील निरीक्षकाची मुख्य विद्या आहे.

हाच हिशेब मुख्य दुर्बिणीच्या एक अंशाच्या क्षेत्रासाठी केला, तर चित्र पालटते. तेथे सिनट यांच्या नकाशातील एखादा तारा येईल किंवा येणारही नाही. 'युरॅनोमेट्रिया'तील पाच येतील. म्हणून मंद दीर्घिकांच्या वा रूपविकारी ताऱ्यांच्या मागे लागलेल्या निरीक्षकाला पुढे सखोल नकाशा लागतोच. परंतु तो तिसरा नकाशा झाला, दुसरा नव्हे. साडेसात ते साडेआठ प्रतींच्या दरम्यानचा नकाशा हा मध्यम टप्प्याचा खरा सोबती होय. जर्मनीतील रोनाल्ड स्टोयान आणि स्टेफान शुरिग यांच्या २०१४ च्या 'इंटरस्टेलारम डीप स्काय अ‍ॅटलास'ने एक निराळी सोय केली आहे. कोणती वस्तू चार इंची दुर्बिणीत दिसेल, कोणती आठ इंचीत आणि कोणती बारा इंचीत, हे त्यात अक्षरांच्या ठळकपणावरून कळते. आपल्या साधनाची मर्यादा नकाशावरच वाचता येणे हा निरीक्षकाचा वेळ आणि उत्साह वाचवणारा गुण आहे.

मार्गदर्शक ग्रंथाची निवड याहून अवघड. येथे पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की, हा ग्रंथ कोणत्या अक्षांशावर लिहिला गेला? इंग्लंडमधील धर्मोपदेशक टी. डब्ल्यू. वेब यांनी सामान्य दुर्बिणींसाठी १८५९ साली लिहिलेल्या ग्रंथापासून पुढे या प्रकारचे बहुतेक लेखन चाळीस ते पंचावन्न अंश उत्तर या पट्ट्यात झाले. एके काळी भारतीय वाचकाच्या हाती स्वस्तात येणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांतही हीच गोष्ट होती. ओडेसाचे खगोलशास्त्रज्ञ त्सेसेविच यांचे आकाशात काय आणि कसे पाहावे हे सांगणारे पुस्तक 'मीर' प्रकाशनाने इंग्रजीत आणले होते. मजकूर उत्तम, पण आकाश उत्तरेचे. मॉस्कोत ज्येष्ठा तारा याम्योत्तर वृत्तावर असताना क्षितिजापासून आठ अंशही वर येत नाही. रुआबांध्यात तो बेचाळीस अंशांवर असतो. वृश्चिकाच्या नांगीजवळचा 'एम ७' हा तारकागुच्छ लंडनच्या निरीक्षकाला क्षितिजावरील धुरकट हवेत जेमतेम चार अंशांवर शोधावा लागतो. रुआबांध्यात तो चौतीस अंशांवर सुखाने पाहता येतो. साहजिकच लंडनचा लेखक त्याच्याविषयी एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. त्या ओळीवर विसंबणारा भारतीय वाचक आपल्या आकाशातील एका सुंदर वस्तूला मुकतो.

असेच अनेक दाखले देता येतील. अगस्त्य लंडनमध्ये कधीच उगवत नाही. रुआबांध्यात फेब्रुवारीच्या रात्री तो सोळा अंशांपर्यंत चढतो. नरतुरंगातील 'ओमेगा' हा आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास तो येथे एकवीस अंशांवर असतो. त्रिशंकूचा वरचा तारा बारा अंशांच्या जवळपास आणि पायथ्याचा तारा सुमारे सहा अंशांवर येतो. उलट पक्षी उत्तरेविषयीची काही विधाने येथे लागू पडत नाहीत. सप्तर्षी कधी मावळत नाहीत, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. ते लंडनपुरते खरे आहे. रुआबांध्यात ध्रुवतारा क्षितिजापासून एकवीस अंशांवरच असल्यामुळे एकोणसत्तर अंशांहून अधिक उत्तर क्रांती असलेले तारेच सदोदित क्षितिजावर राहतात, आणि सप्तर्षींचे सातही तारे त्या मर्यादेबाहेर आहेत. ते येथे मावळतात. पुस्तकातील विधान आणि गच्चीवरचा अनुभव यांत विरोध दिसला, की नवखा निरीक्षक स्वतःलाच दोष देतो. वस्तुतः तेथे चुकलेली असते ती ग्रंथाची निवड.

दुसरा प्रश्न ऋतूंचा. पुष्कळ ग्रंथ आकाशाची विभागणी वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा अशी करतात. युरोप-अमेरिकेच्या ग्रीष्माचे आकाश म्हणजे धनू, वृश्चिक, अभिजित आणि गरुड. धनू रास ऑगस्टमध्ये रात्री नऊला याम्योत्तर वृत्तावर येते. पण त्या वेळी छत्तीसगढवर आणि महाराष्ट्रावर मोसमी ढग असतात. आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध भाग, म्हणजे तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांची खाण, ग्रंथकाराच्या वेळापत्रकानुसार पाहू जाता पावसात वाहून जाते. भारतीय निरीक्षकाने तो भाग मार्च-एप्रिलच्या पहाटे पाहावा, किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच पश्चिमेकडे वळावे. म्हणून ऋतूंनुसार रचलेल्या ग्रंथापेक्षा तारकासमूहांनुसार रचलेला ग्रंथ येथे अधिक उपयोगी पडतो. केप्पल आणि सॅनर यांच्या 'नाइट स्काय ऑब्झर्व्हर्स गाइड'चे १९९८ चे पहिले दोन खंड ऋतूंनुसार विभागलेले आहेत. खंड विकत घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तारकासमूहांनुसार रचलेल्या ग्रंथांत रॉबर्ट बर्नहॅम यांच्या 'सेलेस्टियल हँडबुक'चे स्थान आगळे आहे. बर्नहॅम हे अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत ताऱ्यांच्या गतीच्या पाहणीचे काम करीत होते. त्यांच्या हस्तपुस्तकाचे तीन खंड १९७८ साली डोव्हर प्रकाशनाने काढले. दोन हजारांहून अधिक पृष्ठे आणि सात हजारांहून अधिक वस्तूंच्या नोंदी. शिवाय प्रत्येक तारकासमूहाबरोबर इतिहास, दंतकथा आणि शास्त्रीय माहिती. १९७९ साली त्यांचे वेधशाळेतील काम संपले. उत्तरायुष्यात ते सॅन डिएगो येथील एका उद्यानात स्वतःची चित्रे विकून गुजराण करीत, आणि १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा ग्रंथ वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. ग्रंथ आजही वाचनीय आहे. मात्र त्यातील अंतरे आणि शास्त्रीय मते आता जुनी झाली आहेत, आणि त्यातील स्थाने १९५० सालासाठीची आहेत. ढगाळ रात्री घरात बसून वाचावयाचा तो ग्रंथ आहे. गच्चीवर न्यावयाचा ग्रंथ निराळा. त्यासाठी गाय कॉन्सोलमॅग्नो आणि डॅन डेव्हिस यांचे १९८९ साली प्रथम निघालेले 'टर्न लेफ्ट अ‍ॅट ओरायन' अधिक सोयीचे. लहान दुर्बिणीतून वस्तू खरोखर कशी दिसते, याची रेखाटने त्यात दिलेली आहेत. छायाचित्रांतील रंग डोळ्यांना कधी दिसत नाहीत. धुरकट करडा ठिपका दिसतो. तो ठिपका हेच यश आहे, हे ग्रंथाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जो ग्रंथ केवळ छायाचित्रे दाखवतो, तो निरीक्षकाच्या मनात नाहक असंतोष पेरतो.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. बहुतेक ग्रंथकारांची वर्णने काळोख्या ग्रामीण आकाशातील आहेत. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. औद्योगिक नगरातील आकाश तिच्या उजळ टोकाकडे पडते. जेथे चौथ्या प्रतीपलीकडचे तारे डोळ्यांना दिसत नाहीत, तेथे सबंध खगोलातील सुमारे पाचशेच तारे उरतात आणि त्यांपैकी निम्मे एका वेळी क्षितिजावर असतात. तेथे दीर्घिकांची यादी घेऊन बसणे म्हणजे मनस्ताप ओढवून घेणे होय. याचा अर्थ निरीक्षण सोडावे असा नव्हे, विषय बदलावा. जोडतारे, उघडे तारकागुच्छ, चंद्र, ग्रह आणि रूपविकारी तारे यांना उजळ आकाशाची फारशी बाधा होत नाही. म्हणून नगरवासी निरीक्षकाने ग्रंथ चाळताना प्रथम जोडताऱ्यांचे प्रकरण पाहावे. ते त्रोटक असेल, तर तो ग्रंथ त्याच्यासाठी नाही. दीर्घिका आणि तेजोमेघ यांसाठी वर्षातून चार-सहा अमावास्यांना नगरापासून दूर, उघड्या रानात जाण्याची योजना आखावी, आणि त्या रात्रींची यादी घरीच नकाशावर खुणा करून तयार ठेवावी.

चौथा प्रश्न नावांचा. हिंदी भाषिक प्रदेशात राहणाऱ्या मराठी निरीक्षकाला तो विशेष जाणवतो. मराठी पुस्तक ज्याला व्याध म्हणते, त्याला हिंदी पुस्तक लुब्धक म्हणते आणि इंग्रजी नकाशा सिरियस. मृगाच्या खांद्यावरील तांबूस तारा मराठीत काक्षी, हिंदीत बहुधा आर्द्रा. दोन पुस्तके समोर ठेवणारा विद्यार्थी गोंधळून जातो. यावर उपाय सोपा आहे. योहान बायर यांनी १६०३ साली ताऱ्यांना दिलेली ग्रीक अक्षरे सर्व नकाशांत समान असतात. त्यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने निश्चित केलेले ८८ तारकासमूह आणि त्यांच्या सीमा घेतल्या, की भाषेची अडचण उरत नाही. मराठी नावे सोडण्याचे कारण नाही. ती नकाशाच्या समासात स्वतःच्या हाताने लिहावीत. असा लिहून काढलेला नकाशा घरातील मुलांना पुढे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाहून अधिक उपयोगी पडतो.

पाचवा प्रश्न नकाशाच्या वर्षाचा. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे ताऱ्यांची स्थाने दरवर्षी सुमारे पन्नास विकलांनी सरकतात. बहात्तर वर्षांत एक अंश. मराठी वाचकाला हे अयनचलन पंचांगाच्या वादामुळे परिचित आहे. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा चित्रापक्ष आणि लोकमान्य टिळकांचा रैवतपक्ष यांतील मतभेदाच्या मुळाशी आरंभस्थान कोणत्या ताऱ्यावरून धरावे हाच प्रश्न होता. नकाशांचे पूर्वीचे प्रमाणवर्ष १९५०, हल्लीचे २०००. या पन्नास वर्षांत स्थाने सुमारे ०.७ अंशाने, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाहूनही अधिक सरकली. परंतु येथे एक विवेक केला पाहिजे. सर्व तारे एकत्रच सरकतात; त्यांच्या परस्परांतील आकृती बदलत नाहीत. म्हणून ताऱ्यावरून ताऱ्यावर जाणाऱ्याला १९५० चा जुना नकाशा आजही चालतो. विषुवांश आणि क्रांती यांचे आकडे घेऊन दुर्बीण वळवणाऱ्याला मात्र तो चालत नाही. एक अंशाच्या क्षेत्रातून वस्तू बाहेर पडते. जुन्या बाजारात नॉर्टनची जुनी प्रत अल्प किमतीत मिळाली, तर ती टाकून देऊ नये. तिच्यातील आकडे नव्या ग्रंथातील आकड्यांशी मिसळू नयेत, इतकेच.

योग्य नकाशाने काय साधते, याचे एक उदाहरण भारतातच घडले आहे. जेसोर येथील राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ चा. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि सरकारी खजिन्यात कारकुनीवर लागले. त्याच गावात कालीनाथ मुखर्जी नावाचे वकील होते. त्यांनी आकाशाचे नकाशे आणि ताऱ्यांविषयी ग्रंथ तयार केले होते. त्या नकाशांच्या आणि त्या सहवासाच्या आधारे या कारकुनाने आकाश शिकून घेतले. १९१० साली त्यांनी साध्या द्विनेत्रीतून हॅलेचा धूमकेतू पाहिला, १९१२ मध्ये तीन इंची दुर्बीण मागवली, आणि १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात अचानक उजळलेला नवतारा स्वतंत्रपणे ओळखला. तो ओळखता आला, कारण तेथे पूर्वी काय होते हे त्यांना पाठ होते. पुढे अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेशी त्यांचा संबंध जडला; तिने १९२६ साली त्यांना सहा इंचांहून किंचित मोठी दुर्बीण वापरण्यास पाठवली. या निरीक्षकाने तिला ३७,००० हून अधिक निरीक्षणे कळवली. फाळणीनंतर ते भारतात आले आणि १९७५ मध्ये निवर्तले. जेसोरचे अक्षांश तेवीस अंश; रुआबांध्याहून अवघ्या दोन अंशांनी अधिक. आकाश तेच, मोसमी पाऊसही तोच.

या संघटनेचे नकाशे दुसऱ्या नकाशाच्या पुढची पायरी दाखवतात. त्यांत बदलत्या ताऱ्याभोवतीच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती अंकांत लिहिलेल्या असतात, आणि दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेले असते. कारण तो टिंब नवा तारा समजला जाण्याचा संभव असतो. ८४ असे लिहिले असेल, तर ८.४ समजावे. या पद्धतीचा अभ्यास दुर्बिणीवाचूनही करता येतो. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत काक्षी नेहमीच्या सुमारे अर्ध्या प्रतीवरून १.६ प्रतीपर्यंत मंदावला. रोहिणीशी त्याची तुलना करणाऱ्या कोणालाही, कारखान्याच्या उजेडातही, तो फरक उघड्या डोळ्यांनी दिसत होता. ज्यांनी त्या रात्री तारीख, वेळ आणि अंदाजी प्रत लिहून ठेवली, त्यांचा छंद त्या रात्रीपासून निरीक्षण झाला.

ग्रंथाच्या बाह्य स्वरूपाचाही विचार करावा. गच्चीवर दव पडते. गुळगुळीत जाड कागद किंवा वरून चढवलेले पारदर्शक आवरण असलेले नकाशे टिकतात. तारेने बांधलेली वही पूर्ण उलटी दुमडता येते आणि एका हातात धरता येते. नकाशे तांबड्या मंद प्रकाशात वाचले जातात, म्हणून तांबड्या वा फिकट गुलाबी रंगात छापलेल्या खुणा त्या प्रकाशात नाहीशा होतात. खरेदीपूर्वी विजेरीच्या काचेवर तांबडा कागद लावून एक पान वाचून पाहणे हा निर्णायक प्रयोग आहे. आज संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर 'स्टेलॅरियम'सारखी साधने विनामूल्य मिळतात, आणि स्थान व वेळ दिली की ती नेमके आकाश दाखवतात. अक्षांशाची आणि ऋतूची अडचण त्यांनी पुष्कळ अंशी दूर केली, हे मान्य केले पाहिजे. रात्रीची योजना आखण्यासाठी ती अवश्य वापरावीत. परंतु पडद्याचा प्रकाश अंधाराला सरावलेली दृष्टी क्षणात घालवतो, आणि बाण दाखवील तिकडे पाहणाऱ्याला आकाश पाठ होत नाही. छापील नकाशा डोळ्यांसमोर आकाशाचा विस्तृत तुकडा एकदम ठेवतो. शेजारी काय आहे हे न विचारता दिसते.

अखेर खरेदीविषयी. परदेशी नकाशासंग्रह सामान्य पगारदाराला जड जातात. म्हणून क्रम ठरवणे इष्ट. प्रथम वीस अंशांची तबकडी आणि मराठी वा हिंदीतील एक परिचयग्रंथ. त्यानंतर साडेसात ते साडेआठ प्रतींच्या दरम्यानचा एक नकाशासंग्रह. मग लहान दुर्बिणीतील रेखाटने असलेला एक मार्गदर्शक ग्रंथ. सखोल नकाशे आणि बहुखंडी ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयाने घ्यावेत. ग्रंथपालाने हे ग्रंथ केवळ संदर्भ विभागात कुलूपबंद ठेवले, तर ते व्यर्थ. नकाशा रात्री लागतो आणि ग्रंथालय संध्याकाळी बंद होते. अमावास्येच्या आठवड्यात तो घरी नेण्याची परवानगी असावी. निरीक्षकानेही कोणताही ग्रंथ घेण्यापूर्वी त्यातील वृश्चिकाचे पान उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: नांगीजवळच्या तारकागुच्छांना पुरेशी जागा दिली आहे काय, जवळचे जोडतारे दिले आहेत काय, आणि आपल्या आकाराच्या दुर्बिणीतून काय दिसेल हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे काय. तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर तो ग्रंथ रुआबांध्याच्या आकाशाला मानवेल.

मराठीत असा मध्यम टप्प्याचा नकाशासंग्रह, वीस अंश अक्षांशासाठी रचलेला, पावसाळ्याचा हिशेब धरलेला आणि आपल्या नावांनी नटलेला, निघणे अगत्याचे आहे. कालीनाथ मुखर्जींचे नकाशे एका कारकुनाच्या हाती पडले आणि त्यातून हजारो निरीक्षणे जन्मली. नकाशा काढणाऱ्याला तो कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नसते. तोवर हाती असलेल्या परक्या नकाशावर आपल्या अक्षरांत आपली नावे लिहावीत, चढत्या ताऱ्यांची उंची आपल्या गच्चीवरून मोजावी आणि तो नकाशा हळूहळू आपलासा करावा. माळ्यावर गेलेली दुर्बीण खाली काढण्यास एवढी तयारी पुरेशी आहे.